रेफरन्सला ताईचं नाव

२ मार्च

आजपासून रोज लिहायचं. थोडं, पण खरं. बाबा म्हणतात, डोक्यात साचलेलं कागदावर उतरलं की निम्मं सुटतं. ते ड्रॉइंगबद्दल म्हणतात, पण इथेही लागू पडायला हरकत नाही.

तर खरं ते आधी. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. महिनाअखेरीस संपेल. टीम लीडरने पॅन्ट्रीत चहाचा कप धुता धुता सांगितलं. तोंड नळाकडे. म्हणाला, काम चांगलं आहे तुझं, पण ड्रॉइंगवर ढग फार.

ढग म्हणजे होल्ड. (पुढे कधी मीच हे वाचलं आणि विसरलेली असले तर, म्हणून लिहून ठेवते.) आम्ही कारखान्यातल्या पाइपांची ड्रॉइंगं काढतो. एखादं माप नक्की माहीत नसेल तर त्याच्याभोवती ढगासारखी वेटोळी रेघ काढायची आणि आत लिहायचं, 'होल्ड'. म्हणजे, हे अजून कळायचंय, यावर पाइप कापू नका. बाबांनी ताईला आणि मला हे जेवणाच्या टेबलावर शिकवलं, शाळेत भूमिती सुरू व्हायच्याही आधी. माहीत नसलेलं माप ठोकून देणं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर पाइप सोडणं, असं ते म्हणायचे. माझ्या शेजारचा अंदाजाने मापं टाकतो. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

मला वाईट वाटलेलं नाही. उलट बरंच झालं. स्वतःहून सोडायचा धीर मला झाला नसता.

३ मार्च

घरी सांगितलं. आई म्हणाली, बघ बाई. बाबा चष्मा पुसत राहिले. भाऊजी म्हणाले, होल्डबाई, आता तुमच्यावरच ढग. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांचा कारखाना बंद पडल्यापासून ते विनोद जास्त करतात.

ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि एजंटांबद्दल समजावलं. आमच्या लाइनीत कंपनी थेट माणूस घेत नाही. कंपनी एजंटला सांगते, एजंट माणूस पाठवतो आणि त्या माणसाच्या कमाईतला वाटा तो काम करेल तोवर खातो. ताई म्हणाली, त्यांच्याशी विचारतील तेवढंच बोलायचं आणि त्यातलंही निम्मं गिळायचं. ताई थोडी संशयी आहे. चेकर आहे ना. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासते. बरोबर असेल त्या मापावर पिवळा मार्कर, चूक असेल तिथे लाल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं स्पेलिंगसुद्धा तिने लाल केलं होतं.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. ताईला दिवस गेलेत. घरात सगळ्यांना माहीत आहे, तिच्या ऑफिसात कुणालाच नाही. तिचं कॉन्ट्रॅक्ट एकतीसला संपतं आणि वर्षासाठी वाढायचं आहे. सही होईपर्यंत कळता कामा नये. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बाळंतपणाची रजा नसते. फक्त पुढचं कॉन्ट्रॅक्ट नसतं. आणि ताईचं घर सध्या एकट्या ताईवर आहे. म्हणून ती ऑफिसात ड्रॉइंगचं बाड पोटाशी धरून चालते.

मला म्हणाली, तुझ्यावर भरवसा आहे. तो बरोबरच आहे. माझ्या तोंडात तीळ भिजतो. भिजून कुजतो.

५ मार्च

सीव्ही पाठवला. लगेच एका एजंटचा फोन. त्याच्याकडे एक अर्जंट रिक्वायरमेंट होती, दुसरी त्याहून अर्जंट आणि तिसरी सगळ्यांत अर्जंट. मी मनातल्या मनात त्याचं नाव अर्जंटराव ठेवलं आहे. आवाज ओळखीचा वाटतो. मामा लोकांचा असतो तसा.

त्याला सीव्ही आवडला, पण एका ओळीवर हसला. मी लिहिलंय, 'अनुभव तीन वर्षे (कावीळ झाली ते आठवडे धरलेले नाहीत)'. म्हणाला, मॅडम, सीव्ही आहे हा, कबुलीजबाब नाही. ती ओळ काढू का? मी म्हटलं, नको. तो म्हणाला, जशी तुमची इच्छा. मला हे आवडलं. ऐकून घेणारा माणूस आहे.

निश्चय: महिना संपायच्या आत नवं काम. त्या चहावाल्या टीम लीडरला शेवटच्या दिवशी हसत हसत सांगायचं.

१० मार्च

एक गैरसमज झाला. फार मोठा नाही.

एजंट कंपनीचं नाव आधी सांगत नाहीत. आपण परस्पर तिकडे जाऊ नये म्हणून. 'मोठी कंपनी, शहराच्या पूर्वेला, पाइपिंग', एवढंच. मग आपण मेलवर लिहून द्यायचं की या जागेसाठी फक्त तुम्हीच माझं नाव पाठवा. ते लिहून दिलं की नाव कळतं. अर्जंटरावांना मी लिहून दिलं. दुपारी दुसऱ्या एजन्सीतून एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. 'नामांकित कंपनी, रेल्वे स्टेशनजवळ, प्लँट डिझाइन'. ही वेगळी जागा, असं समजून त्यांनाही लिहून दिलं. दोन्ही एकच निघाली. कंपनीकडे माझं नाव दोन वाटांनी पोचलं. अशा वेळी एजंटांचं भांडण नको म्हणून कंपनी माणसालाच रद्द करते.

अर्जंटराव नाराज झाले. गोड बाईंचा आवाज एकदम गोड राहिला नाही. मी दोघांनाही लांबलचक माफीचा मेल लिहिला. घाईत दोघांना एकच मेल गेला.

तरीही एक बाजू चांगली आहे. एकाच माणसाचं नाव दोन दोन ठिकाणांहून जातं, म्हणजे बाजारात मागणी आहे.

१३ मार्च, संध्याकाळी

पहिला इंटरव्ह्यू. इस्त्रीचे कपडे, बूट पुसलेले, वेळेच्या आधी पोचले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बसा. बसले. खूप बसले. शेवटी आत बोलावलं. टेबलापलीकडे दोघं, आणि त्यांच्यापुढे माझा सीव्ही.

तो माझा नव्हता. म्हणजे नाव माझं होतं. खाली लिहिलं होतं, अनुभव पाच वर्षे, चेकिंगसह. कावीळ कुठेच नव्हती.

मी लगेच सांगितलं की यात चूक आहे, अनुभव तीनच वर्षांचा आहे आणि चेकिंग मी केलेलं नाही, माझी ताई करते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, मग तुम्ही पाच का लिहिलंत? मी म्हटलं, मी लिहिलं नाही. ते म्हणाले, सीव्ही तर तुमचा आहे. दुसऱ्याने दार उघडून धरलं. रीतभात पाळणारे लोक.

अर्जंटरावांना फोन केला. म्हणाले, फॉरमॅटिंग करताना झालं असेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं कधी कधी. मग म्हणाले, पण मॅडम, तोंडावर सांगायची काय गरज होती?

सॉफ्टवेअरमध्ये खरंच होतं. माझ्याही ड्रॉइंगवर एकदा एक व्हॉल्व्ह आपोआप उलटा झाला होता.

१७ मार्च

आज प्रगती. माझ्या पहिल्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू थेट ठरवला. मध्ये एजंट नाही. उद्याच, बुधवारी. घरी सगळे खूश. बाबांनी हाताने ड्रॉइंग काढायच्या काळातली जुनी स्टेन्सिलं काढून दाखवली. आता ती कुणी वापरत नाही, पण मी हातात घेऊन पाहिली.

दुपारी अर्जंटरावांचा फोन आला. आणखी कुठे इंटरव्ह्यू आहे का, असं विचारलं. माझ्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून. ताईचं आठवलं, निम्मं गिळायचं. पण सरळ प्रश्नाला आडवं उत्तर द्यायला मला लाज वाटते. कंपनीचं नाव सांगितलं. वार सांगितला. कुणाला भेटायचंय तेही सांगितलं. त्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या.

१९ मार्च

काल इंटरव्ह्यू झाला. रिसेप्शनवर माझ्याआधी तिघं बसले होते. तिघांच्याही हातात एकाच एजन्सीचा कागद. एकाला सहज विचारलं. अर्जंटरावांनी त्यांची नावं आदल्या दिवशी पाठवली होती. तिघंही माझ्यापेक्षा कमी रेट सांगणार होते, हे त्यानेच हसत हसत सांगितलं.

त्यातला एक लागला. मैत्रिणीने फोनवर कळवलं आणि विचारलं, तू कुणाला बोलली होतीस का गं? मी म्हटलं, फक्त एजंटला. तेवढ्यात फोन कट झाला. लाइन खराब असावी.

ताई चिडली. तिला मी थोडक्यात समजावलं की अर्जंटरावांचा बाजारात हात सगळीकडे पोचतो, म्हणजे तो मलाही कुठेतरी पोचवणारच. ताई म्हणाली, तुला पोचवतोय ते दिसतंच आहे.

तिला आता चटकन राग येतो. तिच्या अवस्थेत असं होतं म्हणतात.

२१ मार्च

अर्जंटरावांनी दोन रेफरन्स मागितले. इंटरव्ह्यूच्या आधीच. हल्ली कंपन्या तयार फाइल मागतात म्हणे. एक नाव चहावाल्या टीम लीडरचं दिलं. दुसरं ताईचं. ताईच्या ऑफिसात मी सुरुवातीला शिकाऊ होते आणि ताई माझं काम बघायची, म्हणून ते खरंच आहे. सख्खी बहीण आहे हेही आपणहून सांगितलं, नाहीतर लपवल्यासारखं होईल. ते म्हणाले, मग तिच्या साहेबांचंही नाव द्या, वजन पडेल. दिलं. नंबरही दिला.

फाइल आता भक्कम झाली.

२३ मार्च, दुपारी

अर्जंटरावांशी सविस्तर बोलणं झालं. माझ्यासाठी इतका वेळ कुणी दिलेला नाही. सहा महिन्यांनी कंपनी पुन्हा एकदा चौकशी करते, तेव्हा तुमच्या ताई याच ऑफिसात, याच नंबरवर असतील ना, असं त्यांनी विचारलं.

आता काय सांगायचं? हो म्हटलं तर खोटं. सहा महिन्यांनी ताई ऑफिसात नसेल, घरी असेल, मांडीवर बाळ असेल. माहीत नाही म्हटलं तर तेही खोटं, कारण मला माहीत आहे. मी म्हटलं, तेव्हा कदाचित नसेल. ते म्हणाले, का, सोडतायत? मी म्हटलं, नाही नाही, सोडत नाहीये. ते म्हणाले, मग? फाइलमध्ये काहीतरी लिहावं लागेल मॅडम. लिहिलं नाही तर रेफरन्स कच्चा धरतात.

मी सांगितलं. पण आधी वचन घेतलं की हे आपल्यातच राहील, कारण एकतीसला तिची सही व्हायची आहे. त्यांनी ताबडतोब दिलं. म्हणाले, अहो, ही घरचीच गोष्ट. अभिनंदन केलं ताईचं. पेढे कधी, असंही विचारलं.

ताईला सांगायची गरज वाटत नाही. उगाच काळजी करेल. आणि तीळ भिजला नाही असं म्हणता येणार नाही. योग्य माणसापुढे, योग्य कारणासाठी उघडा केला, इतकंच.

२५ मार्च

अर्जंटरावांचा फोन नाही. कामात असतील.

२७ मार्च

ताई जेवायला आली होती. ताटातलं चिवडत बसली. म्हणाली, साहेब विचित्र वागतायत. काल लिफ्ट तिच्यासाठी थांबवली. आज विचारलं, तब्येत बरी आहे ना? प्रिंट रूममधून बाड आणायला निघाली तर म्हणाले, राहू द्या, दुसरं कुणी आणेल.

भाऊजी म्हणाले, अगं, माणूस सुधारला असेल. ताई म्हणाली, साहेब सुधारत नसतात, त्यांना काहीतरी कळलेलं असतं. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, मी सैल कपडे घालते, कसं दिसेल?

मी तिला धीर दिला. जगात साधी माणुसकी वाढलेलीही असू शकते. रात्रीपर्यंत मला हे जवळजवळ पटलं होतं.

३० मार्च

ताईचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. कारण, प्रोजेक्टची गरज बदलली. लेखी एवढंच. तोंडी, ऑल द बेस्ट.

ताई रडली नाही. जिन्यातल्या भिंतीला हात लावून उभी राहिली होती म्हणे. नेहमी मोकळेपणाने बोलणारी तिच्या शेजारची मुलगी दिवसभर स्क्रीनमधून वर बघत नव्हती. भाऊजींनी विनोद केला नाही. ते आता माल चढवायच्या-उतरवायच्या कामाची चौकशी करणार आहेत. त्यांच्या पाठीत पूर्वीपासून लचक आहे. आई म्हणाली, दुष्काळात तेरावा महिना.

मी विचार केला. ऑफिसात चाळीस माणसं आहेत. प्रिंट रूममधल्या बाईला चार मुलं आहेत, अशा बाईला चालण्यावरून कळतं. डॉक्टरांकडे कुणी पाहिलं असेल. कळायच्या वाटा पुष्कळ आहेत. मी कागदावर काढून पाहिल्या. बऱ्याच भरल्या. त्यातल्या एकीभोवती ढग काढला आणि मग कागद फाडला.

३१ मार्च

माझाही शेवटचा दिवस. पास परत केला. टीम लीडरला हसत हसत काहीही सांगितलं नाही. तो सुट्टीवर होता.

१ एप्रिल

अर्जंटराव! काम लागलं. इंटरव्ह्यूशिवाय. फाइल बघूनच हो म्हणाले.

चेकिंग आणि ड्राफ्टिंग, दोन्ही एकाच माणसाने करायचं. रेट एका माणसाचा, तोही जरा खालचा. पण चेकर! बाबांना केवढा आनंद होईल. सोमवारपासून. कंपनीचं नाव नेहमीप्रमाणे नंतर. मेलवर लिहून द्यायचं की हे काम मी स्वीकारते आणि मागे हटणार नाही. हटले तर त्यांची एजन्सी आणि तिच्या ओळखीच्या एजन्सी पुढे नाव पाठवणार नाहीत. वाचताना हात थांबला. पण न हटण्याचा शब्द द्यायला हटायचं नसलेल्या माणसाला काय हरकत?

लिहून दिलं.

निश्चय: पहिल्या कमाईतला अर्धा भाग ताईला. ती नाही म्हणेल. तरी द्यायचा. बाळाच्या नावाने.

३ एप्रिल

पत्ता आला.

इमारत ताईच्या ऑफिसची आहे. त्या इमारतीत नऊ मजले आहेत. कितीतरी कंपन्या आहेत. एक दाताचा दवाखानासुद्धा आहे.

३ एप्रिल, नंतर

मजला तोच आहे. पण लिफ्टच्या दोन्ही बाजूंना ऑफिसं आहेत.

४ एप्रिल, सकाळी

फोन करून विचारलं. बाजूही तीच. सोमवारी कुणाला भेटायचं, म्हटलं. अर्जंटरावांनी साहेबांचं नाव सांगितलं. मीच त्यांना दिलेलं नाव. म्हणाले, आणि हँडओव्हर तुमच्या ताईच देतील, त्यांना त्यासाठी दहा तारखेपर्यंत वाढवून मिळालंय. घरचं माणूस आहे, सोपं जाईल.

मी विचारलं, तुम्ही साहेबांना ताईबद्दल सांगितलंत का?

त्यांना राग आला नाही. शांतपणे म्हणाले, "मी कशाला सांगू मॅडम? मी शब्द दिला होता. मी फक्त विचारलं, चेकरची जागा मोकळी होणार आहे का. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, होईल."

मग म्हणाले, बाकी त्यांनी त्यांचं शोधून काढलं.

मी म्हटलं, मला हे काम नको. त्यांनी मेलची आठवण करून दिली. आणि म्हणाले, तुम्ही नाही गेलात तर माझ्याकडे तीन जण तयार आहेत. ताईंची जागा त्याने परत येणार आहे का? विचार करा.

विचार केला. मुद्दा बरोबर आहे. मुद्दे त्यांचे नेहमीच बरोबर असतात.

४ एप्रिल, संध्याकाळी

सगळ्यांना टेबलाशी बसवून सांगितलं. काम कुठलं आहे ते सांगितलं. कुणाच्या जागी ते सांगितलं. तेवढंच सांगितलं.

बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आई म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी होल्डबाई म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ताई पाण्याचा ग्लास गोल गोल फिरवत होती. म्हणाली, "घे. तू नाही घेतलंस तर कुणीतरी अंदाजपंचे येईल. माझ्या ड्रॉइंगांवर वेल्डर पाइप कापतात. निदान ती तरी नीट राहतील."

मी म्हटलं, ताई, मी नाही म्हणू शकते. ती म्हणाली, "मग दोघी घरी बसून काय करणार? बाबांची स्टेन्सिलं पुसणार?"

मोठ्या मनाची आहे. मी तिचं ऐकायचं ठरवलं. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलेले नाही.

६ एप्रिल

पहिला दिवस. साहेबांनी हात मिळवला. म्हणाले, घरातच शिक्षण झालेलं दिसतंय, छान. ताई शेजारी उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या पोटाकडेही नाही. इतकं काळजीपूर्वक न बघणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आता ती बाड पोटाशी धरत नाही. काखेत धरते.

शिकवणं तिचं तेच. एका मापावरून दुसऱ्यावर उडी मारू नकोस. आधी दिशेचा बाण बघ, मग माप, मग जोड. लहानपणी टेबलावर सांगायची तसंच. फक्त तेव्हा मी चुकले की डोक्यात टपली मारायची. आज माझ्याकडून एक चुकलं. तिने गप्प लाल केलं आणि पान उलटलं.

८ एप्रिल

शेजारची मुलगी माझ्याशी बोलत नाही. बाथरूममध्ये दोघीजणी बोलत होत्या, मी गेल्यावर नळ जोरात सोडला. त्यांना वाटत असेल की मी बहिणीच्या ताटातलं ओढून घेतलं. त्यांना परिस्थिती माहीत नाही. माहीत असती तर—

वाक्य पुरं करत नाही. घाईत आहे.

ताई दुपारी थकते. खिडकीशी दोन खुर्च्या जोडून पाय वर घेते आणि तिथूनच बोलते. आता लपवायचं काय राहिलंय, म्हणते. प्रिंट रूममधल्या बाईने तिला उशी आणून दिली. मी विचारलं, हिला आधीच कळलं असेल ना? ताई म्हणाली, "नाही गं. परवा सांगितलं तेव्हा तीच रडायला लागली."

एक वाट कमी झाली.

९ एप्रिल

अर्जंटरावांचा फोन, सेटल झालात का म्हणून. मग गप्पांच्या ओघात, ऑफिसात आणखी कुणाची कॉन्ट्रॅक्टं कधी संपतायत, असं विचारलं. शेजारच्या मुलीचं जूनमध्ये संपतं हे मला कालच कळलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

जमलं. आवाज जरा कापला, पण जमलं. माणूस सुधारू शकतो, हे भाऊजींचं म्हणणं बरोबर होतं.

१० एप्रिल

ताईचा शेवटचा दिवस. लवकर लिहून टाकते.

दुपारनंतर शेवटचं ड्रॉइंग आम्ही दोघींनी मिळून तपासलं. ती खुर्चीत, मी बाजूला स्टुलावर. ती माप वाचायची, मी मूळ कागदाशी ताडून हो म्हणायची, ती पिवळं करायची. माप, हो, पिवळं. खूप वर्षांनी इतकं सलग काम केलं. मला मध्येच आनंद झाला होता, हे खरं म्हणून लिहिते.

अर्ध्यावर आल्यावर मार्कर कागदावर टेकवून ती थांबली. वर न बघता म्हणाली, "साहेबांना कुठून कळलं असेल गं? मी खूप डोकं चालवलं. तू कुणाला बोलली होतीस का?"

ऑफिसात एसीचा आवाज होता. मार्करखाली कागदावर पिवळा डाग पसरत होता.

मी म्हटलं, "नाही."

आवाज कापला नाही.

ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नाहीच सांगणार तू. तुला खोटं बोलायला येतच नाही, तुझ्याच्याने काय व्हायचंय." आणि पुढचं माप वाचलं. मी हो म्हटलं. तिने पिवळं केलं.

ड्रॉइंग संपलं. तिने खणातलं तिचं सामान पिशवीत भरलं, पास साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि लिफ्टपर्यंत माझ्याबरोबर आली. म्हणाली, जा तू, काम पडलंय. दार बंद होताना तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

परत आले. स्टूल भिंतीशी सरकवलं. खुर्चीत बसले आणि उंची बदलायचा खटका खाली चाचपून पाहिला. बदलावी लागली नाही. आम्ही दोघी एकाच उंचीच्या.